वॉरन स्मिथ कमी पडला नव्हता

१९५७च्या वसंतात अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या सन रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने पाठोपाठ दोन तबकड्या काढल्या. कंपनीच्या यादीत एकीचा क्रमांक २६७, दुसरीचा २६८. पहिलीवर जेरी ली लुईस या एकवीस वर्षांच्या पियानोवादक गायकाचे ‘होल लॉटा शेकिन गोइंग ऑन’ होते. ते ‘बिलबोर्ड’ या संगीतविषयक नियतकालिकाच्या पॉप यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेले, कंट्री आणि रिदम अँड ब्लूज या दोन्ही याद्यांत पहिले आले आणि रॉक अँड रोलच्या प्रत्येक इतिहासात जाऊन बसले. दुसरीवर वॉरन स्मिथ होता. रॉय ऑर्बिसनने लिहिलेले ‘सो लाँग आयम गॉन’ त्याने गायले होते. ते पॉप यादीत सत्तरीच्या घरातल्या क्रमांकापर्यंत पोचले आणि तिथेच थांबले. आज स्मिथचे नाव जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांपलीकडे फारसे कुणी घेत नाही. या दोन आकड्यांचा अर्थ सहसा असा लावला जातो की लोकांनी दोन्ही गाणी ऐकली, एक उचलले आणि एक टाकले. हा अर्थ चुकीचा आहे, आणि तो एका गायकापुरताच चुकीचा नाही. लोकप्रिय गायकाची कारकीर्द म्हणजे त्याच्या गुणांवर लोकांनी दिलेला कौल, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कौल कशावर मागायचा, हे आधीच कुणीतरी ठरवलेले असते. आणि ते ठरवताना गाण्याच्या दर्जाइतकाच, बहुतेकदा त्याहून जास्त, गल्ल्यात पैसा किती आहे याचा विचार झालेला असतो. वॉरन स्मिथच्या आयुष्यात हे जितके स्वच्छ दिसते तितके फार थोड्यांच्या आयुष्यात दिसते.

स्मिथचा जन्म १९३२चा, मिसिसिपी राज्यातल्या हम्फ्रीज काउंटीतला. हवाई दलाच्या नोकरीत असताना तो गिटार शिकला आणि तिथून सुटल्यावर नशीब काढायला मेम्फिसच्या परिसरात आला. मिसिसिपी नदीच्या पलीकडच्या तीरावर, आर्कन्सा राज्यातल्या वेस्ट मेम्फिसमध्ये कॉटन क्लब नावाचा नाचगाण्याचा अड्डा होता. तिथे क्लाइड लेपर्डच्या ‘स्नीअर्ली रँच बॉइज’ या बँडसोबत गाताना तो सनचा मालक सॅम फिलिप्स याच्या कानावर पडला. १९५६च्या सुरुवातीला त्याची पहिली तबकडी निघाली, ‘रॉक अँड रोल रूबी’. गीतकार म्हणून तिच्यावर जॉनी कॅशचे नाव होते. स्मिथ मात्र पुढे सांगत असे की गाणे मुळात जॉर्ज जोन्सचे होते आणि कॅशने ते चाळीस डॉलरला विकत घेतले होते. मेम्फिसच्या परिसरात ती तबकडी जोरात खपली. त्या काळी सनच्या ७०६, युनियन अॅव्हेन्यू या पत्त्यावर कार्ल पर्किन्स, जॉनी कॅश, रॉय ऑर्बिसन यांची ये-जा होती आणि वर्षअखेरीस जेरी ली लुईसही येऊन दाखल झाला. त्या मांदियाळीत स्मिथला तीन वर्षांत पाच तबकड्या मिळाल्या.

तिथे तयार होत असलेल्या संगीताला पुढे रॉकबिली म्हणू लागले. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या शेतकरी-मजुरांचे हिलबिली गाणे आणि कृष्णवर्णीयांचे रिदम अँड ब्लूज यांच्या मिलाफातून ते जन्मले. त्याचा ठेका मोठ्या उभ्या बासमधून येतो. वादक तिची तार ओढून सोडतो आणि ती पट्टीवर आपटून टपटप वाजते. सनच्या तबकड्यांची आणखी एक खूण म्हणजे त्यांतला प्रतिध्वनी. गायकाचा आवाज एका यंत्रावर मुद्रित होत असतानाच फिलिप्स तो दुसऱ्या टेप रेकॉर्डरमधून फिरवून क्षणाच्या काही अंशाने उशिरा पुन्हा मिसळत असे. त्यामुळे चारपाच माणसांचा आवाज मोठ्या दिवाणखान्यात घुमल्यासारखा भरदार होई. बहुतेक गायक या घुमाऱ्यात आरडाओरडा करत. स्मिथचा आवाज मुळात कंट्री गायकाचा होता: उंच, स्वच्छ, शब्द नीट पोचवणारा, आणि शब्द संपताना किंचित थरथरणारा. द्रुत गाण्यातही तो आवाज फाटू देत नाही. ‘मिस फ्रॉगी’ या गाण्यात अल हॉपसनची गिटार आणि जिमी लॉटचे ड्रम अक्षरशः उधळलेले असतात, आणि तरी स्मिथ लयीच्या वर आरामात बसून गातो. आपल्या दुसऱ्या तबकडीच्या एका बाजूला त्याने ‘ब्लॅक जॅक डेव्हिड’ गायले. सुखवस्तू घरातली बाई सारे सोडून भटक्या माणसामागे निघून जाते, ही त्यातली कथा अठराव्या शतकापासून छापील रूपात सापडते. स्कॉटलंडमधून अमेरिकेच्या डोंगराळ भागात आलेली ही लोकगाथा कार्टर फॅमिली या गायक-कुटुंबानेही मुद्रित केली होती. नाचाच्या तबकडीच्या पाठीवर ही शतकांपूर्वीची कथा सहज खपवून घेणारा आवाज ही लहानसहान गोष्ट नाही.

मग १९५७ मध्ये काय झाले? याचे उत्तर कंपनीच्या हिशेबात आहे. त्या काळच्या छोट्या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीकडे स्वतःचा कारखाना नसे. तबकड्या बाहेरच्या कारखान्यातून दाबून घ्याव्या लागत आणि त्याचे पैसे लवकर चुकवावे लागत. माल मात्र देशभरच्या वितरकांकडे उधारीवर जाई. ते महिनोन्महिने पैसे थकवत आणि न खपलेला माल परत पाठवत. म्हणजे गाणे जितके जास्त चालेल तितका कंपनीचा पैसा जास्त अडकून पडे. नोव्हेंबर १९५५ मध्ये फिलिप्सने एल्व्हिस प्रेस्लीचा करार आरसीए कंपनीला ३५,००० डॉलरला विकला, तो याच कोंडीमुळे. सोन्याचे अंडे देणारी कोंबडी त्याने विकली म्हणून अनेकांनी त्याला नावे ठेवली; पण हाती रोकड नसताना तिला दाणा घालायचा कशातून, हा त्याच्यापुढचा प्रश्न खरा होता. अशी कंपनी एका वेळी एकच तबकडी नेटाने पुढे रेटू शकते. रेडिओवरच्या निवेदकांना भेटणे, वितरकांच्या मागे लागणे, जाहिरात देणे, गायकाला दौऱ्यावर पाठवणे या सगळ्याला पैसा आणि माणसे लागतात, आणि सनकडे दोन्ही मोजकीच होती. १९५७च्या उन्हाळ्यात ती सगळी ताकद २६७ क्रमांकाच्या तबकडीमागे लागली.

आणि मुद्दा असा की ती तबकडीही आपसूक वर गेली नाही. तिच्यातल्या सूचक बोलण्यामुळे काही रेडिओ केंद्रे ती वाजवायला तयार नव्हती. सॅमचा भाऊ जड फिलिप्स जेरी लीला घेऊन न्यूयॉर्कला गेला, त्याने खटपट केली आणि २८ जुलै १९५७ रोजी जेरी ली ‘स्टीव्ह अॅलन शो’मध्ये देशभरच्या प्रेक्षकांसमोर पियानो बडवताना दिसला. त्यानंतर विक्री उसळली. जे गाणे आज ‘लोकांनी निवडले’ म्हणून सांगितले जाते, त्याच्यामागे प्रवासखर्च, ओळखी आणि दूरचित्रवाणीवरची काही मिनिटे उभी होती. २६८ क्रमांकाच्या तबकडीसाठी कुणी न्यूयॉर्कला गेले नाही. तरीही ती पॉप यादीत आली. ज्या गाण्यामागे फारसे कुणी नव्हते त्याने सत्तरीच्या घरातला क्रमांक गाठला, ही त्याची हार मानायची की बळ, याचा विचार आकडा वाचताना करायला हवा. एकाच विहिरीचे पाणी दोन मळ्यांना पुरत नसेल तर पीक तरारलेल्या मळ्याकडेच पाट वळवला जातो; कोरड्या राहिलेल्या मळ्याची जमीन नापीक होती, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

हे एकदाच घडले असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण त्याच वर्षी सनचा दुसरा गायक बिली ली रायली याच्या ‘रेड हॉट’चे तेच झाले. ते गाणे चालू लागले होते, मागणी येत होती. रायली पुढे आयुष्यभर सांगत असे, की वितरकांनी मागवलेल्या ‘रेड हॉट’च्या जागी जेरी लीचे ‘ग्रेट बॉल्स ऑफ फायर’ पाठवायला फिलिप्सने सांगितले. सांगणारा दुखावलेला माणूस आहे, हे खरे. म्हणून त्याचा प्रत्येक शब्द प्रमाण मानायला नको. पण दोन गायक, एकच वर्ष, एकच कंपनी आणि दोघांच्या वाट्याचे बळ एकाच तिसऱ्याकडे जाणे, या क्रमातून पद्धत दिसते. फिलिप्सला खलनायक ठरवण्याची इथे गरज नाही. ज्यांच्याकडे मोठ्या कंपन्या ढुंकूनही पाहत नव्हत्या अशा काळ्या-गोऱ्या गरीब गायकांसमोर त्याने मायक्रोफोन ठेवला. तो नसता तर स्मिथचा आवाज कुठेच उरला नसता. त्याने घेतलेला निर्णय व्यापारी म्हणून शहाणपणाचाही होता. चूक आपली आहे. आपण त्या व्यापारी निर्णयाला संगीतावरचा निवाडा समजून बसलो आहोत.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: जेरी ली लुईस स्मिथपेक्षा मोठा कलावंत होता, मग पैसा त्याच्यामागे गेला यात वावगे काय? जेरी ली विलक्षण होता, हे मला मान्यच आहे. त्याच्यासारखा पियानो आणि त्याच्यासारखा बेबंदपणा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. पण एकाचे मोठेपण हा दुसऱ्याच्या छोटेपणाचा पुरावा होत नाही. बाजारात एका वेळी एकाच गायकाला जागा असते असा काही निसर्गनियम नाही. एका वेळी एकालाच पुढे करता येईल एवढीच पुंजी त्या कंपनीकडे होती. स्मिथच्या बाबतीत तर याची पडताळणीही झाली. १९५९ मध्ये तो सन सोडून कॅलिफोर्नियाला गेला आणि १९६०मध्ये लिबर्टी या अधिक सधन कंपनीसाठी गाऊ लागला. आता त्याने रॉकबिली बाजूला ठेवून, मुळात ज्याची ओढ होती ते कंट्री गाणे धरले. हार्लन हॉवर्डने लिहिलेले ‘आय डोन्ट बिलीव्ह आयल फॉल इन लव्ह टुडे’ हे त्याचे गाणे त्याच वर्षी कंट्री यादीत पाचव्या क्रमांकावर गेले; पुढच्या वर्षी ‘ऑड्स अँड एंड्स’ सातव्या क्रमांकावर. आवाज तोच, माणूस तोच. बदलली होती ती पाठीशी उभी असलेली कंपनी, आणि निवडलेला बाजार. गाणाराच कमी पडत होता असे म्हणणाऱ्याला या दोन क्रमांकांचा खुलासा करावा लागेल.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे, कारण त्यात तथ्य आहे. स्मिथने स्वतःचे वाटोळे स्वतःच केले, असे म्हणता येते. ऑगस्ट १९६५ मध्ये टेक्सासमध्ये त्याच्या मोटारीला भीषण अपघात झाला. पाठीला जबर दुखापत झाली आणि सावरायला जवळपास वर्ष गेले. तोवर लिबर्टीशी असलेला करार संपला होता. एकदोन कंपन्यांकडे प्रयत्न झाले, ते फसले. मग गोळ्या आणि दारू. शेवटी औषधांच्या दुकानातल्या चोरीसाठी त्याला अलाबामात तुरुंगात जावे लागले. या पापाचे माप दुसऱ्या कुणाच्या पदरात घालता येणार नाही. पण इथे काळाचा क्रम पाहायला हवा. १९५७ मध्ये २६८ मागे पडली तेव्हा यातले काहीच घडलेले नव्हते; आठ वर्षांनंतरचा अपघात आठ वर्षांपूर्वीच्या उपेक्षेचे कारण होऊ शकत नाही. आणि व्यसन हेच जर कारकिर्दीच्या मरणाचे पुरेसे कारण असते, तर जॉनी कॅशची कारकीर्दही संपायला हवी होती. स्मिथच्या अपघातानंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९६५ मध्ये, कॅशला एल पासो येथे गिटारच्या पेटीत दडवलेल्या गोळ्यांसह अटक झाली. त्याच्यामागे कोलंबियासारखी मोठी कंपनी होती आणि आधीच्या गाण्यांनी मिळवलेली पत होती. तीन वर्षांनी, १९६८ मध्ये, त्याने फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गायलेले गाणे जगभर गाजले. कॅश स्मिथपेक्षा मोठा होता, यात वाद नाही. पण पडल्यावर उठायला मिळणारी सवड पहिल्या यशाच्या व्याजातून येते, आणि ते पहिले यश कुणाच्या वाट्याला जाईल हे अंशतः कंपनीच्या तिजोरीने ठरवलेले असते. नुकसान एकदाच होत नाही, ते साठत जाते.

तरीही कुणी म्हणेल, की तसे झाले असते तर काय झाले असते, हे कुणी सांगावे? हा सगळा जर-तरचा खेळ आहे. बहुतेक विसरलेल्या कलावंतांबाबत हे म्हणणे बरोबर ठरेल. स्मिथच्या बाबतीत मात्र इतिहासाने जवळजवळ प्रयोगच करून ठेवला आहे. १९५७मध्ये त्याने ‘रेड कॅडिलॅक अँड अ ब्लॅक मुस्टॅश’ नावाचे गाणे सनसाठी मुद्रित केले. प्रेयसी दुसऱ्याच कुणाबरोबर हिंडते आहे, हे प्रियकराला कळले आहे. तो दुसरा कोण हे त्याला ठाऊक नाही. लाल मोटार आणि काळी मिशी ही त्याची खूण. दुसऱ्या गायकाने या गाण्यात संताप ओतला असता. स्मिथ ते आवाज न चढवता गातो. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत आहे, हे त्याच्या संथ, दबलेल्या सुरातून कळते. कंपनीने ते काढलेच नाही. फीत तशीच पडून राहिली. १९६९ मध्ये फिलिप्सने सन कंपनी शेल्बी सिंगलटनला विकली, जुन्या फितींचे हक्क फिरत फिरत युरोपातल्या कंपन्यांपर्यंत गेले आणि सत्तरच्या दशकात ते गाणे ऐकणाऱ्यांच्या हाती आले. १९७८ मध्ये रॉबर्ट गॉर्डन या गायकाने ते आपल्या अल्बममध्ये घेतले. २००१ मध्ये सन कंपनीच्या गौरवासाठी निघालेल्या अल्बमसाठी बॉब डिलनने सनच्या साऱ्या भांडारातून हेच गाणे गायले. एप्रिल १९७७ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात चार्ली फेदर्स, जॅक स्कॉट आणि बडी नॉक्स यांच्यासोबत स्मिथ उभा राहिला, तेव्हा त्याच्या आयुष्यात क्वचितच वाट्याला आलेले स्वागत तिथे झाले. त्या वीस वर्षांत गाण्यातला एकही सूर बदललेला नव्हता. बदल झाला तो एवढाच, की ते ऐकायला मिळू लागले. म्हणजे ज्या गोष्टीला आपण लोकांची नापसंती म्हणत होतो, ती न पोचण्याची गोष्ट होती.

शेवटचा आक्षेप संग्राहकांच्या प्रेमाबद्दलचा आहे. दुर्मिळतेलाच थोरपणा समजण्याची खोड त्यांना असते, आणि ‘उपेक्षित प्रतिभावंत’ ही कथा फार सहज भावते. हा इशारा घेण्यासारखा आहे. उपेक्षा हा गुण नाही, आणि स्मिथचे सारे काही उत्तम नाही. त्याचे खूप गाजलेले ‘उबांगी स्टॉम्प’ आफ्रिकेतल्या माणसांचे जे हिणकस चित्र रंगवते ते त्या काळच्या हॉलिवूडमधून उचललेले आहे. ठेका कितीही धरायला लावणारा असो, ते बोल आज निमूट ऐकून घेता येत नाहीत. आणि ज्या संगीताचा अर्धा पाया कृष्णवर्णीयांनी घातला त्यात ते अधिकच खुपतात. स्मिथ स्वतः गाणी फारशी लिहीत नसे, तो इतरांच्या गाण्यांवर अवलंबून होता, हेही खरे. पण दुसऱ्याचे गाणे आपले करून गाणे हीच गायकाची कला असते. माझे म्हणणे विसरलेल्यांना सरसकट मोठे ठरवा असे नाही. प्रत्येक तबकडी तिच्या खपाला न भिता आणि तिच्या दुर्मिळतेला न भुलता ऐकून तोला, एवढेच मागणे आहे. या कसोटीवर ‘उबांगी स्टॉम्प’ घसरते. ‘रेड कॅडिलॅक’, ‘ब्लॅक जॅक डेव्हिड’ आणि ‘सो लाँग आयम गॉन’ टिकतात.

यातून काही कामे आपोआप ठरतात. संगीताचा इतिहास लिहिणाऱ्याने याद्यांतले क्रमांक उतरवताना त्यांच्या शेजारी प्रसाराचा हिशेब मांडायला हवा: गाणे किती काळ पुढे रेटले गेले, कशासाठी थांबवले गेले, त्याच आठवड्यात कंपनीच्या हाती दुसरे काय होते. न काढलेल्या ध्वनिमुद्रणांना रद्दी समजू नये. स्मिथची फीत कुणी पुसून तिच्यावर दुसरे काही भरले असते तर हा लेख लिहायला पुरावाच उरला नसता. जर्मनीतल्या बेअर फॅमिली कंपनीने त्याची सन आणि लिबर्टी या दोन्ही काळांतली गाणी पुन्हा प्रकाशित केली. असे काम खासगी कंपनीच्या आवडीवर सोडून न देता ग्रंथालये आणि विद्यापीठे यांनीही आपले मानायला हवे. आणि ऐकणाऱ्याने, आजच्या ऐकणाऱ्याने विशेषतः, ध्यानात ठेवावे की मोबाइलवर आधी समोर येणारे गाणेही कुणाच्या तरी निवडीने समोर आलेले असते. वितरकाची जागा आता संगणकाच्या सूत्राने घेतली असली तरी ‘आधी कुणाला पुढे करायचे’ हा प्रश्न तोच आहे आणि त्याचे उत्तर आजही प्रामुख्याने पैशाच्या भाषेतच दिले जाते.

३० जानेवारी १९८० रोजी टेक्सासमधल्या लाँगव्ह्यू येथे हृदयविकाराच्या झटक्याने वॉरन स्मिथ गेला. तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि युरोपच्या पुढच्या दौऱ्याची तयारी करत होता. त्याच्या कारकिर्दीतून निघणारा निष्कर्ष दयेचा नाही, न्यायाचा आहे. यश हे प्रसिद्धीचे, पैशाचे, निर्णयांचे आणि गुणांचे मिळून बनलेले फळ असते, आणि त्यातला गुणांचा वाटा किती हे यश पाहून कधीच सांगता येत नाही; ते गाणे ऐकूनच ठरवावे लागते. हे काम वेळखाऊ आहे, पण टाळता येण्याजोगे नाही. ते टाळून आपण याद्यांवर विसंबलो, तर साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या एका तंगीत असलेल्या कंपनीचा हिशेब आपण आपली रसिकता म्हणून मिरवत राहू.